बाळंतिणींचा कैवारी : डॉ. इग्नाझ सेमेलवाइस

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे आणि त्याच्या ओघात आरोग्याच्या चार गोष्टीही भगिनींच्या कानांवर घालावयाच्या, अशी दुहेरी कामगिरी चिटणीसबाईंनी या खेपेस माझ्यावर सोपविली. डॉ. आनंदीबाई जोशी आणि डॉ. रखमाबाई यांची चरित्रे आपल्यापैकी बहुतेकींनी वाचलेली आहेत. म्हणून मी जरा दूरचा माणूस निवडला. हंगेरीत जन्मलेल्या आणि व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात नाव कमावलेल्या, किंबहुना गमावलेल्या, या डॉक्टरांचे नाव इग्नाझ सेमेलवाइस. उच्चारायला थोडे अवघड खरे. परंतु इस्पितळात बाळंत होऊन मूल कुशीत घेऊन सुखरूप घरी आलेल्या प्रत्येक बाईवर या गृहस्थांचे ऋण आहे, असे मी मानते.

त्यांचे चरित्र कळायचे तर आधी तो रोग कळला पाहिजे. घरच्या वडीलधाऱ्या बायका ज्याला बाळंतरोग म्हणत, त्यातलाच हा एक भयंकर प्रकार. वैद्यकात त्याला सूतिकाज्वर म्हणतात. बाळंतपण नीट पार पडते, मूल रडते, वार पडते, घरात साखर वाटली जाते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाईला हुडहुडी भरून ताप येतो. ओटीपोट दुखू लागते, फुगते. नाडी धावू लागते. अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण येते. मग भ्रम होतो, आणि आठवड्याच्या आत तान्हे मूल पोरके होते. याचे कारण असे, की वार सुटून आल्यावर गर्भाशयाच्या आत तळहाताएवढी ओली जखम उरते. तेथे रोगजंतू पोहोचले की ते आधी गर्भाशयात, मग पोटाच्या पडद्यात आणि शेवटी रक्तात पसरतात. आज हे आपण चार वाक्यांत सांगू शकतो. सेमेलवाइस यांच्या काळी जंतू हा शब्दच वैद्यकाच्या कोशात नव्हता.

त्यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी बुदा येथे झाला. डॅन्यूब नदीच्या एका काठी बुदा, दुसऱ्या काठी पेश्त. ही दोन्ही पुढे १८७३ साली एक होऊन बुडापेस्ट झाले. वडील किराणा मालाचे व्यापारी, घरात दहा भावंडे. मुलाने कायदा शिकावा म्हणून त्याला व्हिएन्नाला पाठविले. पण मुलाचे मन वैद्यकाकडे वळले. १८४४ साली ते डॉक्टर झाले आणि १८४६ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक इस्पितळातील प्रसूतिगृहात प्राध्यापक योहान क्लाइन यांचे साहाय्यक म्हणून रुजू झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते.

हे प्रसूतिगृह फार मोठे होते. तेथे येत त्या बहुतेक गरीब बायका. कित्येक लग्नावाचून दिवस गेलेल्या, ज्यांना दुसरीकडे थारा नव्हता. बाळंतपण फुकट होई. त्याच्या मोबदल्यात बाईने आपला देह विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी मोकळा ठेवावयाचा. प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. १८४० पासून पहिल्या विभागात फक्त वैद्यकाचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्या विभागात फक्त सुइणी. बायकांना कोणत्या विभागात घ्यावयाचे, हे त्या कोणत्या वारी आल्या यावर ठरे. एक दिवस पहिला विभाग, दुसऱ्या दिवशी दुसरा. म्हणजे बायका एकाच तऱ्हेच्या, इमारत एकच, अन्न तेच, हवा तीच. तरी १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणांत ४५९ बायका दगावल्या, तर दुसऱ्या विभागात ३,७५४ बाळंतपणांत १०५. शंभरात अकराहून अधिक एकीकडे आणि तीनहून कमी दुसरीकडे!

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. प्राध्यापकांना ठाऊक नव्हते ते व्हिएन्नातल्या मोलकरणींना ठाऊक होते. पहिला विभाग म्हणजे मरण, हे गावभर झाले होते. आपला वार पहिल्या विभागाचा आहे असे कळताच बायका गुडघे टेकून, हात जोडून, दुसऱ्या विभागात घ्या म्हणून रडत. काहीजणी मुद्दाम उशीर करून वाटेतच, रस्त्यावर, एखाद्या दाराच्या आडोशाला बाळंत होत आणि मग मूल पदरात घेऊन येत. चमत्कार असा, की रस्त्यावर बाळंत झालेल्या या बायकांना सूतिकाज्वर फारसा होत नसे. हे सारे डोळ्यांसमोर घडत असता मोठमोठे विद्वान हवेतील दूषित वाफा, आकाशातील आणि भूमीतील अज्ञात प्रभाव, बायकांची भीती, पुरुषांनी तपासल्यामुळे दुखावलेली लाज, अशी कारणे देत होते. बायकांचे म्हणणे म्हणजे बायकांची घबराट, एवढीच त्याची किंमत. सेमेलवाइस यांचे पहिले मोठेपण मला वाटते ते हेच, की त्यांनी ती घबराट पुराव्यासारखी ऐकली.

मग त्यांनी एकेक कारण हाती घेऊन तपासले. गर्दीमुळे रोग होतो म्हणावे, तर दुसऱ्या विभागात गर्दी अधिक. हवामान म्हणावे, तर एकाच छपराखाली दोन हवामाने कशी? दुसऱ्या विभागात बायकांना कुशीवर निजवून बाळंत करीत, म्हणून पहिल्या विभागातही तसे करून पाहिले. काही फरक पडला नाही. मरणाऱ्या बाईला अखेरचा संस्कार देण्यासाठी पाद्रीबाबा घंटा वाजवीत पहिल्या विभागातून जात, त्या आवाजाने इतर बायका हाय खातात असे कोणी म्हणाले. पाद्रीबाबांना घंटेवाचून आडवाटेने येण्याची विनंती केली. तरी मरणे चालूच. एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली : ज्या बायका फार वेळ अडून राहात, ज्यांना वारंवार आत हात घालून तपासावे लागे, त्याच अधिक मरत.

मार्च १८४७ मध्ये ते विश्रांतीसाठी व्हेनिसला गेले होते. परत येतात तो कळले, की त्यांचे स्नेही प्राध्यापक याकोब कोलेत्श्का वारले. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या हातून सुरीचे टोक त्यांच्या बोटाला लागले होते. सेमेलवाइस यांनी त्यांच्या शवपरीक्षेची टिपणे वाचली आणि ते चरकले. तोच पू, तीच सूज, तोच पोटाच्या पडद्याचा दाह. कोलेत्श्का पुरुष, बाळंतपणाशी त्यांचा काय संबंध? परंतु त्यांचा आणि त्या शेकडो बायकांचा रोग एकच होता. सुरीला लागलेले प्रेताचे द्रव्य त्यांच्या रक्तात गेले. मग बायकांच्या रक्तात ते कशाने जाते? हातांनी! पहिल्या विभागातले डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवागारात विच्छेदन करीत आणि तेथून सरळ प्रसूतिगृहात येऊन बायकांना तपासीत. हात साबणाने धूत, पण प्रेताचा वास जात नसे. सुइणी शवागारात पाऊल टाकीत नसत.

हे उत्तर केवढे जिव्हारी लागणारे होते, याचा विचार करावा. सेमेलवाइस हे अभ्यासू. मेलेल्या प्रत्येक बाईचे विच्छेदन करून रोगाचे मूळ शोधावे म्हणून ते इतरांहून अधिक वेळ शवागारात घालवीत. ते कामावर परत आल्यानंतरच्या एप्रिल महिन्यात ३१२ बाळंतपणांत ५७ बायका गेल्या. ज्यांना वाचविण्यासाठी ते धडपडत होते, त्यांना आपल्याच हातांनी मरण पोहोचविले, हे त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात उघडपणे कबूल केले. हे लिहिण्याची त्यांच्यावर कोणाची सक्ती नव्हती.

मे १८४७ च्या मध्यापासून त्यांनी प्रसूतिगृहाच्या दाराशी क्लोरिनच्या पाण्याचे भांडे ठेवले. आत येणाऱ्या प्रत्येकाने त्यात हात धुवावयाचे, मग तो विद्यार्थी असो वा प्राध्यापक. पुढे खर्चाला परवडेना म्हणून क्लोरिनयुक्त चुना वापरू लागले. आपण विहिरीत टाकतो ती ब्लीचिंग पावडर ती हीच. क्लोरिनने प्रेताचा वास जातो, एवढ्यावरूनच त्यांनी ती निवडली होती. जंतू मरतात हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. जून महिन्यात २६८ बाळंतपणांत सहा बायका दगावल्या, जुलैत २५० मध्ये तीन. १८४८ साली, मार्चमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, पहिल्या विभागात एकही बाई सूतिकाज्वराने गेली नाही. वर्षाअखेर दोन्ही विभागांचे आकडे सारखे झाले. एक भांडे पाणी!

मध्यंतरी एक धडा आणखी मिळाला, आणि तो आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर १८४७ मध्ये रांगेतल्या पहिल्याच खाटेवर गर्भाशयाचा कर्करोग झालेली एक बाळंतीण होती. डॉक्टर तिला तपासून, केवळ साबणाने हात धुऊन, पुढल्या बायकांकडे वळत. त्या वेळी बाळंत झालेल्या बारा बायकांपैकी अकरा मेल्या. म्हणजे विष प्रेतातूनच येते असे नाही. जिवंत माणसाच्या वाहत्या जखमेतूनही येते. तेव्हापासून प्रत्येक बाईला तपासल्यावर हात क्लोरिनने धुण्याचा दंडक त्यांनी घातला, आणि पू वाहणाऱ्या बाईला वेगळ्या खोलीत ठेवू लागले.

एवढे झाल्यावर जगाने त्यांना डोक्यावर घेतले असेल, असे कोणासही वाटेल. घडले उलटेच. हेब्रा, श्कोडा, रोकिटान्स्की या व्हिएन्नाच्या नामांकित डॉक्टरांनी त्यांची बाजू घेतली. परंतु क्लाइनसाहेबांना हा सारा प्रकार स्वतःवरचा आरोप वाटला. तो एका अर्थाने होताही. त्यांच्या आधीचे प्राध्यापक बोएर विद्यार्थ्यांना प्रेतांवर शिकवीत नसत, आणि त्यांच्या काळी मरणाचे प्रमाण शेकडा दीडहूनही कमी होते. १८२३ साली क्लाइन आले, त्यांनी प्रेतांवर शिक्षण सुरू केले आणि आकडा चढला. मार्च १८४९ मध्ये सेमेलवाइस यांची मुदत संपली, ती वाढविली गेली नाही. पुढे शिकविण्याची परवानगी मिळाली ती केवळ पुतळ्यावर. ऑक्टोबर १८५० मध्ये ते मित्रांचा निरोपही न घेता व्हिएन्ना सोडून गेले.

त्यांचा स्वभाव तापट होता, त्यांनी शत्रू करून ठेवले, असे त्यांच्या अपयशाचे कारण पुष्कळदा सांगतात. मला ते अर्धेच पटते. त्यांनी आपला ग्रंथ लिहिला तो १८६१ साली, म्हणजे शोधानंतर चौदा वर्षांनी. एवढा उशीर करावयास नको होता. तोवर त्यांचे म्हणणे लोकांना इतरांच्या तोंडून, अर्धेमुर्धे कळत राहिले. पण एका सज्जन प्रसूतितज्ज्ञाच्या हातांनी बायका मरतात, हे सौम्य शब्दांत सांगितले असते तर ते गोड लागले असते काय? कील येथील डॉक्टर मिखाएलिस यांनी ही गोष्ट पटवून घेतली. त्यांच्या हातून त्यांची एक आप्त बाई बाळंत होऊन सूतिकाज्वराने गेली होती. त्या दुःखात त्यांनी १८४८ साली आगगाडीखाली जीव दिला. ज्यांनी पटवून घेतले नाही, त्यांना पटवून घेणे किती कठीण होते, हे यावरून कळते.

पेश्तला सेमेलवाइस यांनी सेंट रोखुस इस्पितळाच्या प्रसूतिविभागाचे काम पगारावाचून पत्करले. १८५१ ते १८५७ या सहा वर्षांत तेथे ९३३ बाळंतपणे झाली आणि सूतिकाज्वराने गेल्या त्या आठच. १८५५ साली ते पेश्त विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे नवीनच संकट. हात धुऊनही ताप थांबेना. शोधता आढळले, की काटकसरीपायी आधीच्या बाळंतिणींच्या डागळलेल्या चादरी न धुताच पुन्हा अंथरल्या जात. तक्रारीने भागेना तेव्हा त्यांनी ती दुर्गंधी येणारी चादर उचलून अधिकाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. गृहिणीच्या जिव्हाळ्याचा हा प्रसंग वाचताना मला त्यांचा फार अभिमान वाटला.

१८५७ साली मारिया वाइडेनहोफर या वीस वर्षांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. पाच मुले झाली. त्यांतली दोन तान्हेपणीच गेली. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर आलेली प्रतिकूल परीक्षणे त्यांच्या फार मनाला लागली. मग त्यांनी युरोपातील नामांकित प्राध्यापकांना उद्देशून खुली पत्रे छापली, आणि त्यांत त्यांना सरळ खुनी ठरविले. १८६५ च्या उन्हाळ्यात त्यांचे वागणे घरच्यांना झेपेनासे झाले. हेब्रांकडे जाऊ या, असे निमित्त करून पत्नीने त्यांना व्हिएन्नाला नेले आणि तेथून ते वेड्यांच्या इस्पितळात पोहोचविले गेले. दोन आठवड्यांत, १३ ऑगस्ट १८६५ रोजी, ते तेथेच वारले. वय सत्तेचाळीस. पहारेकऱ्यांनी त्यांना मारहाण केल्याचे पुढे उजेडात आलेल्या कागदपत्रांवरून दिसते. जखमा चिघळल्या, विष रक्तात भिनले. ज्या रोगाने कोलेत्श्का गेले, ज्या रोगाने त्या बायका गेल्या, त्याच रोगाने हेही गेले. आदल्याच दिवशी, १२ ऑगस्टला, तिकडे ग्लासगो येथे लिस्टर यांनी एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी प्रथम बांधली होती. १८७९ साली पाश्चर यांनी पॅरिसच्या विद्वानांसमोर फळ्यावर त्या जंतूची साखळी काढून दाखविली, आणि वादाचा निकाल लागला. १९३६ मध्ये सल्फाची औषधे आणि त्यानंतर काही वर्षांनी पेनिसिलिन आले, तेव्हा या रोगाची धार बोथट झाली.

बोथट झाली, गेली नाही. मंडळातील सासवा आणि आया मला क्षमा करोत, पण येथे थोडे स्पष्ट बोलते. बाळंतिणीला ताप आला की तो दुधाचा ताप म्हणून सोडून देण्याची आपल्याकडे फार सवय आहे. दूध दाटून अंग किंचित कोमट होते, हे खरे. पण थर्मामीटर १००.४ च्या वर गेला, म्हणजेच ३८ सेल्सिअसच्या वर, की तो ताप डॉक्टरांनीच पाहावयाचा. ओटीपोटात कळा, दुर्गंधी येणारा स्राव, छातीत धडधड, धाप, लघवी कमी होणे, बोलण्यात असंबद्धपणा, यांतले काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. रक्तात विष पसरल्यावर तासांचा हिशेब असतो. आणि हा धोका बारशापुरता नाही, सहा आठवडे असतो. पोट फाडून बाळंतपण झालेल्या बाईला तो नैसर्गिक बाळंतपणापेक्षा कितीतरी पट अधिक. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या आधी तिला जंतुनाशक औषधाचे इंजेक्शन देतात. पाणमोट फुटून फार वेळ गेला असेल, वारेचा तुकडा आत राहिला असेल, रक्त कमी असेल किंवा मधुमेह असेल, तर अधिक लक्ष ठेवावे. दिलेल्या गोळ्या ताप उतरला म्हणून मध्येच बंद करू नयेत. आणखी एक : सूतिकाज्वराचा एक प्रमुख जंतू तोच, जो मुलांच्या सुजलेल्या घशात असतो. घरात कोणाचा घसा धरला असेल तर त्याने बाळंतिणीच्या उशाशी बसू नये. आणि तिनेही घडी बदलण्याआधी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. नर्सबाईंना हात धुतलेत ना, असे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगल्या नर्सबाईंना त्याचा राग येत नाही, असा माझा अनुभव आहे.

आपल्या जुन्या सोयराच्या चालीमुळे दहा दिवस बाळंतिणीला कोणी शिवत नसे, ते चांगलेच होते, असे कोणी म्हणतात. परक्या हातांपासून ती दूर राही, एवढे मीही मान्य करते. पण त्याच काळोख्या खोलीत तिला जुनेर चिंध्या मिळत आणि बाळाची नाळ कधी विळ्याने कापली जाई, त्याने बाळाला धनुर्वात होई. हेही विसरता येत नाही.

सेमेलवाइस यांच्या अस्थी १८९१ साली व्हिएन्नाहून बुडापेस्टला आणल्या. आता त्या ज्या घरी त्यांचा जन्म झाला त्याच घरात आहेत; तेथे १९६५ पासून वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. १९०६ साली त्यांचा पुतळा उभा राहिला. त्याच्या पायथ्याशी तान्हे बाळ घेतलेली एक आई बसविली आहे. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी विधवा झालेल्या मारियाबाई तेव्हा हयात होत्या. त्या १९१० साली वारल्या.